खाट नंबर एकचा चार्ज

७ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र मी आपणहून लिहीत नाही. डॉक्टरीणबाईंनी लिहायला लावलं म्हणून लिहिते आहे. शुक्रवारी दुपारी तुझ्या मुलीने शाळेच्या प्रयोगशाळेतली काचेची भांडी एकेक करून जमिनीवर टाकली. चौदा भांडी. शिक्षिका धावत आल्या तेव्हा कपाटाचा वरचा कप्पा रिकामा झाला होता आणि भिंगरी मधोमध, त्या काचेतच, मांडी घालून बसली होती. रडत नव्हती, पळत नव्हती. तळहाताला दोन टाके पडले. बाकी इजा नाही.

जानेवारीपासून तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या कंपनीच्या कचेरीत देते आहे. पुढच्या बंदरात जहाज लागलं की तुझ्या हाती पडेल असं तिथला कारकून म्हणाला. तू शेवटचं जे बोललास ते मी विसरलेले नाही: "ताई, तुझ्या घरात पोरगी राहत नाही, खाट नंबर एक राहते." तेव्हा मी फोन ठेवला होता. आता त्यावर भांडायला मला तोंड नाही.

डॉक्टरचा कागद आणल्याशिवाय वर्गात बसवणार नाही असं शाळेने सांगितलं, म्हणून तिला मुलांच्या मानसोपचाराच्या ओपीडीत नेलं. मी जिथे मेट्रन म्हणून नोकरी केली ते हे हॉस्पिटल नव्हे, तेवढंच बरं. डॉक्टरीणबाई पस्तिशीच्या असतील. पायात कापडी बूट. त्यांनी मला विचारलं, "तिच्यात काय दिसतंय तुम्हाला?"

मी सांगितलं. आळशी झाली आहे, उद्धट झाली आहे, खोटं बोलते, चोरी करते, सगळ्यांचं लक्ष आपल्याकडे वळवायला नाटकं करते.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, ही तुमची मतं झाली. ती काय करते ते सांगा."

दाराशी टेबलामागे जी सिस्टर बसली होती ती एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली शिकलेली. मी तिला ओळखलं, तिने मला. माझ्या वॉर्डात भिंतीवर पाटी असायची: पाहिलं ते लिहा, वाटलं ते घरी ठेवा. या मुलीने एकदा ड्यूटी संपताना चार्ज देण्याच्या वहीत "रुग्ण फार त्रासदायक" असं लिहिलं, तर मी ते पान तिला तीनदा लिहायला लावलं होतं. त्रासदायक म्हणजे काय? बेल किती वेळा वाजवली? कशासाठी? सगळ्या बॅचसमोर. आज ती मान खाली घालून आपल्या रजिस्टरात बघत राहिली. हसली असती तर मला सोपं गेलं असतं.

मग बाईंनी भिंगरीला एकटीला आत घेतलं. चाळीस मिनिटं. नंतर मला बोलावून सांगितलं की हे नैराश्य आहे, आणि साधं नाही, उपचार लागतील असं. मी म्हटलं, "एवढी तोडफोड करणारी मुलगी निराश कशी? निराश माणूस कोपऱ्यात गप्प बसतं."

"काही बसतात. या वयात पुष्कळदा ते चिडचिडीतून बाहेर येतं. भांडणं, शाळा बुडवणं, मोडतोड. आपल्याला दुःख दिसत नाही, वागणं दिसतं. आणि आपण वागण्याला शिक्षा करत बसतो."

जगावंसं वाटत नाही असे दिवस येऊन गेले आहेत, असं तिने बाईंना सांगितलं आहे. तिची परवानगी घेऊन बाईंनी मला सांगितलं, तसं मी तुला सांगते आहे. घरातली सगळी औषधं कुलपात गेली, किल्ली माझ्या गळ्यात आहे. तिला एकटी ठेवत नाही. तू यायला हवंस असं बाईंचं म्हणणं आहे. शिवाय वर्षभरात मी जे पाहिलं ते तारखांसकट लिहून आणायचं, आणि तेच तुलाही पाठवायचं. "दोघांना एकच हकीकत माहीत हवी," असं त्या म्हणाल्या.

ही शेवटची सूचना मला आवडली नाही.

ताई

१० फेब्रुवारी

धाकट्या,

गेलं वर्षभर मी तुला दर महिन्याला भिंगरीचा रिपोर्ट पाठवत होते. ते सगळे चूक होते असं समज. वहीतली नोंद चुकली तर आम्ही ती खोडत नसू, वर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहीत असू. म्हणजे काय चुकलं होतं तेही वाचता यायचं. इथे तसंच करते.

एप्रिलमध्ये मी लिहिलं, "आळस वाढला आहे." मी पाहिलं होतं ते असं: नऊ दिवस सलग तोच निळा सदरा. केसांना फणी नाही. सकाळी उठवलं की उठून बसायची आणि एक मोजा हातात धरून अर्धा अर्धा तास तशीच. दहाव्या दिवशी तिने माझी ड्रेसिंगची कात्री घेऊन न्हाणीघरात केस कापून टाकले, कसेही, मानेपर्यंत. मी तुला लिहिलं, "फॅशनचं खूळ." तिने मला कारण सांगितलं होतं. "विंचरायला हात वर धरवत नाही, आत्या." हे मी लिहिलं नाही. कात्रीची धार गेली म्हणून मात्र ओरडले.

जूनमध्ये, "माझ्या कपाटातून वस्तू चोरली." वस्तू कोणती ते मी लिहिलं नव्हतं. तिच्या आईचा चष्मा. तो मी तिच्या उशीखालून काढून घेतला आणि परत कपाटात ठेवून कुलूप लावलं. तो माझ्या कपाटात कसा, असं तू विचारशील. थांब जरा.

ऑगस्टमध्ये, "खोटं बोलते, शाळा चुकवायला दुखणी काढते." त्या महिन्यात तिने अकरा वेळा डोकं किंवा पोट दुखतं असं सांगितलं. मी दर वेळी थर्मामीटर लावला. ताप नाही म्हणजे आजार नाही, असं धरून मी तिला बसमध्ये बसवून दिलं. ज्या बाईने एकतीस वर्षं मुली शिकवल्या की ताप नसलेला पेशंट आधी बघा, त्या बाईने. वजन पाच किलो उतरलं होतं. ती काट्यावर उभी होती, आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि मी काय केलं सांगू? काटा बिघडला म्हणून दुरुस्तीला दिला. दुकानदार म्हणाला, "काट्याला काही झालेलं नाही, बाई." मी त्याच्याशीही भांडले.

पहाटे चारला ती जागी असायची. मला माहीत होतं, कारण मीही उठलेली असायचे. दिव्याची रेघ दाराखालून दिसायची. मी बाहेरून म्हणायचे, "वीज फुकट नाही," आणि रेघ जायची. हे कुठल्याच रिपोर्टमध्ये नाही.

पूर्वीची भिंगरी तुला आठवते ना? एका जागी पाय ठरायचा नाही म्हणून तूच नाव ठेवलंस. मीच तिला "जरा स्वस्थ बस" म्हणत असे. ती स्वस्थ बसायला लागली तेव्हा मला वाटलं माझी शिस्त लागू पडली.

ऑक्टोबरमध्ये मी लिहिलं, "उद्धटपणाची हद्द झाली, भरलं ताट भिंतीवर फेकलं." ताट फेकलं हे खरं. त्याच्या आधी दुपारी तुझा फोन आला होता. त्याबद्दल वेगळं लिहावं लागेल. आज नाही, बस चुकेल. टाके काढायचे आहेत.

ताई

१९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझा निरोप कारकुनाने वाचून दाखवला. "रजा मिळाली. अठ्ठावीसला पोचतो. मुलीला घेऊन जाईन. तुझे रिपोर्ट पुरे." तो बिचारा शेवटचं वाक्य वाचताना अडखळला. मी म्हटलं, वाचा, मला ऐकू येतं.

घेऊन जा. माझी हरकत नाही, असण्याचा प्रश्नही नाही. फक्त तिचे उपचार तुटू देऊ नकोस. गोळी सुरू झाली आहे. परिणाम दिसायला काही आठवडे लागतील असं बाईंनी बजावलं आहे, तेव्हा आल्या आल्या "आता बरी दिसतेस" असं म्हणू नकोस. मी तिसऱ्याच दिवशी म्हटलं होतं. ती म्हणाली, "डिस्चार्ज देतेस का?"

मला बाईंनी एक काम दिलं आहे. रोज अर्धा तास तिच्याजवळ बसायचं, काहीही न सुधारता. एवढंच. धाकट्या, मी आयुष्यात इतकं अवघड काम केलेलं नाही. परवा बसले तर तिच्या चादरीचा एक कोपरा लोंबत होता. मी खिडकीकडे बघत राहिले.

"आत्या, कोपरा दिसतोय ना?"

"कुठला कोपरा?"

"दुमड, दुमड. जीव चाललाय तुझा."

"नको. राहू दे."

"मग हात पाठीमागे का धरलेस? अटक झाल्यासारखे?"

तिने नाकातून हसल्यासारखा आवाज केला. अगदी लहान. मी तो तुला सुधारणा म्हणून कळवत नाही, पाहिलं ते लिहिते.

मग ती टाक्यांच्या जागी अंगठा फिरवू लागली. तिला काच का फोडलीस असं मी आजवर विचारलेलं नाही, तेव्हा तिने आपणहून सांगितलं. प्रयोगाच्या वहीत नीट नोंद नाही म्हणून शिक्षिकांनी तिची वही सगळ्या वर्गासमोर परत लिहायला दिली. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा म्हटल्यावर ती उठून कपाटाकडे गेली. "मला काही तरी असं करायचं होतं की ते परत लिहिता येणार नाही," ती म्हणाली.

ती सिस्टर माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली, तिसरं पान हातात घेऊन.

"बाबांना लिहिलंस?" तिने विचारलं.

"लिहिलं."

"सगळं?"

मी उठले आणि दूध गॅसवर आहे म्हणून स्वयंपाकघरात गेले. गॅसवर दूध नव्हतं. ते तिलाही माहीत होतं.

ताई

२० फेब्रुवारी

धाकट्या,

कालचं पत्र बंद केलं नव्हतं, हे त्यातच घालते आहे. उभ्याने वाचू नकोस.

तिची आई गेली त्या दिवसाची, म्हणजे त्या वर्षीच्या चौदा ऑक्टोबरची नोंद.

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी खालच्या पहारेकऱ्याने वॉर्डात फोन केला की शाळेच्या कपड्यांतली एक मुलगी आली आहे, मेट्रनची भाची म्हणते. मी खाली गेले. भिंगरी शाळेतून कोणाला न सांगता, चालत आली होती. हातात आईचा चष्मा होता. तो घरी राहिला होता, आणि आईला त्याच्याशिवाय समोरचं माणूस दिसत नाही, म्हणून. तिला वर जायचं होतं.

मी म्हटलं, चौदा वर्षांखालच्या मुलांना वॉर्डात नेता येत नाही.

ती म्हणाली, "आत्या, मला तेरा वर्षं दहा महिने झालेत."

मी म्हटलं, "म्हणजे दोन महिने कमी आहेत."

हेच शब्द. मला त्यात एक अक्षरही बदलता येत नाही. तिला औषधांच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसवलं, चष्मा तिच्या हातातून घेतला, "मी देते" म्हटलं आणि ॲप्रनच्या खिशात टाकला. वर तिच्या आईने दोनदा विचारलं, "भिंगरी आली का?" मी दोन्ही वेळा सांगितलं, ती शाळेत आहे. पेशंटला उगाच अस्वस्थ करू नये म्हणून. अकरा वीसला तिची आई गेली. चष्मा माझ्या खिशात होता. मी विसरले होते. अकरा चाळीसला खाली आले तेव्हा भिंगरी त्याच बाकावर, दप्तर मांडीवर घेऊन.

तो नियम माझा होता. पाटी मी रंगवून घेतली होती. तिला जिन्याने वर नेलं असतं तर मला कोणी अडवलं नसतं, तिथे मला अडवणारं कोणी नव्हतंच. पण त्या आठवड्यात नव्या मुली रुजू झाल्या होत्या, त्या बघत होत्या. आपल्या माणसासाठी मेट्रन नियम मोडत नाहीत, हे त्यांनी बघावं असं मला वाटलं. वाटलं ते लिहायचं नसतं, पण हे लिहिते.

तू दोन दिवसांनी पोचलास. बॅग खाली ठेवण्याआधी विचारलंस, "भिंगरी भेटली का तिला?" मी म्हटलं, "खाली आली होती. घाबरली. वर यायला तयार झाली नाही." तुला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलले असं मी इतके महिने स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. तू माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं असतंस ती मला नको होती.

मग गेल्या ऑक्टोबरात, वर्षश्राद्धाच्या दिवशी, तू फोनवर तिला म्हणालास, "आईला शेवटचं भेटायलासुद्धा वर गेली नाहीस तू." तू दुःखात होतास, मला माहीत आहे. तिने फोन माझ्याकडे दिला. मग माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "आत्या, बाबा म्हणतात मी वर गेले नाही."

मी म्हटलं, "ताट वाढलंय, जेव."

तेच ताट ते.

एवढ्या एकाच गोष्टीने ती आजारी पडली असं नाही. बाईंनी तसं स्पष्ट सांगितलं. एप्रिलपासूनची लक्षणं मीच तर लिहून दिली आहेत. असे आजार एका कारणाने होत नाहीत. पण मला त्यामागे लपता येणार नाही. चार महिने ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी कधी बोलते याची वाट बघत, आणि मी तिच्या वागण्याचे रिपोर्ट पाठवत होते.

हे सगळं आज तिला वाचायला दिलं. तिने टेबलाशी बसून दोनदा वाचलं. पेन मागितलं. मला वाटलं, फाडेल. तिने समासात एकच ओळ घातली, ती तशीच ठेवली आहे: "बाकावर अडीच तास. समोर घड्याळ होतं."

मी म्हटलं, "भिंगरी, मी चुकले."

"हो," ती म्हणाली. आणि मग, "पाठव."

ताई

२८ फेब्रुवारी
ओपीडीतला बाक

धाकट्या,

तुम्ही दोघं डॉक्टरीणबाईंकडे आत आहात. मला बाईंनी बाहेर बसायला सांगितलं. दाराशी तीच सिस्टर आहे. मी कागद मागितला तर तिने कोरा ताव आणि स्वतःचं पेन दिलं. "मॅडम, चार्ज देताय?" तिने विचारलं. हो म्हटलं. "पाहिलं ते लिहा," ती हळूच म्हणाली. टोमणा नव्हता. मला तसं वाटलं नाही.

सकाळी स्टँडवर तू माझ्याशी बोलला नाहीस. बॅग मात्र माझ्या हातातून घेतलीस. किनाऱ्यावरची नोकरी पत्करून इथे चार गल्ल्या पलीकडे घर घेतो आहेस, हे मला कारकुनाकडून कळलं. चांगलं केलंस. तिथे मी बोलावल्याशिवाय येणार नाही.

चार्ज दिल्याची नोंद अशी.

मुलगी. वय पंधरा वर्षं दोन महिने. वजन तीन आठवड्यांत सहाशे ग्रॅम वर. झोप पाच तास, कधी सहा. काल तिने आपणहून केस धुतले. परवा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होती. असे दिवस अजून येतील. जगावंसं वाटत नाही हा विचार या आठवड्यात आला का, हे मी तिला रोज सरळ शब्दांत विचारते. बाईंनी शिकवलं. विचारल्याने तो विचार येत नाही, तूही विचारत जा. काल उत्तर आलं, "आज नाही."

गोळ्यांची पाकिटं, कुलपाच्या पेटीसकट. किल्ली तुझ्याकडे, तिला माहीत आहे. पुढच्या तपासणीची चिठ्ठी. बाईंचा फोन नंबर, दोन ठिकाणी लिहून.

निळा सदरा, धुतलेला. फेकू नकोस, तिला तो आवडतो.

माझ्या वर्षभराच्या रिपोर्टांच्या प्रती, रेघ मारून दुरुस्त केलेल्या.

चादरीचे कोपरे दुमडायला तिला सांगू नकोस. तिच्याबद्दल माझं मत विचारू नकोस. एक आहे, ते तिला सांगून झालं आहे.

चष्मा, एक. काळी फ्रेम, डावी काडी दोऱ्याने बांधलेली. चौदा ऑक्टोबरला सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी वर पोचवण्यासाठी माझ्याकडे दिला होता. पोचवला नाही. आज सकाळी घरातून निघण्यापूर्वी, ज्या हातातून घेतला त्याच हातात दिला.

देणार: मी.

घेणार: तिची सही सोबतच्या चिठ्ठीवर आहे, सकाळीच घेतली. या एका वस्तूवर तुझी सही चालणार नाही.